गाडीच्या जागेवरचा संडास

माझी माय रोज सकाळी बाथरूमच्या दाराला नमस्कार करायची. चपला काढून, डोक्यावर पदर घेऊन, डोळे मिटून. दार पांढरं, त्याला स्टीलचा दांडा, आत टाकीत पाणी भरल्याची घरघर, आणि बाहेर अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई हात जोडून उभी. माझ्या धाकट्या भावाने त्याचा व्हिडिओ काढून मला पाठवला. खाली लिहिलं होतं, 'पाय ताई, आता हे असं चालू हाय.' मी तेव्हा अकोल्याच्या स्टँडवर होते. मी हसले. हे आधीच सांगून टाकते, नंतर कोणी पकडायला नको. नुसती हसले नाही, ड्रायव्हरलाही दाखवला आणि आम्ही दोघं चहा सांडेपर्यंत हसलो.

तीन दिवसांनी अमरावतीहून भावाचा फोन आला, तेव्हा हसू आटलं.

"ताई, मायले आता घरी ठेवणं जमून नाही राहिलं. तुह्या अकोल्यातच म्हाताऱ्या मानसाईचं एक सेंटर हाय. जागा मिळून राहिली. एक तारखेले नेऊन सोडतो."

"काहून? काय केलं तिनं?"

"काय सांगू तुले. हॉलमधीच करून टाकते. परवा शेजारची बाई बसली होती, तिच्यासमोर. या महिन्यात तीनदा झालं."

"अन् बाथरूम?"

"बाथरूमले नमस्कार करते नं! अंदर कोठी जाते?"

पोरांची नावं माय केव्हाच विसरली होती. मला कधी बहीण म्हणायची, कधी गिऱ्हाईक. त्याने कोणाचं काही बिघडलं नव्हतं. पण तिला संडास सापडत नव्हता, एवढ्यावरून तिला स्वतःच्या घरातून उठवायचं ठरलं होतं. त्या फेरीला माझा अवतार पाहण्यासारखा होता. दारात लटकणाऱ्या तिघांना मी कॉलर धरून सीटवर बसवलं, आणि एका पुढाऱ्याला त्याचं गाठोडं मांडीवर घ्यायला लावलं. पुढारी निमूट बसला. मी बावीस वर्षं लाल बसमध्ये कंडक्टर आहे. मूर्तिजापूरच्या स्टँडवर माझा आवाज बिनभोंग्याचा शेवटच्या फलाटापर्यंत जातो. पंधरा दिवसांची रजा टाकली आणि अमरावती गाठली.

आमचं घर गावाच्या कडेला. मायबापांनी तिथे मागच्या वावरात मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर काढली आणि बाजारात बसून विकला. दोन खोल्यांचं कवेलूचं घर, मागे मोठी सांदवाडी म्हणजे परसदार, आणि तिच्या टोकाला शेवग्याच्या झाडाखाली एक संडास. आम्ही आणि दोन काका अशा तीन घरांत तो एकच. बाप गेला, काका वेगळे झाले, वावरावर प्लॉट पडले. चार वर्षांपूर्वी भावाने त्याच जागेवर स्लॅबचं घर बांधलं. भाऊ बी-बियाणांचं दुकान चालवतो, दिवसभर लोकांना सांगतो की कोणतं बी कोणत्या जमिनीत घालावं. स्वतःच्या मायला मात्र त्याने गुळगुळीत पांढऱ्या फरशीत नेऊन लावली.

डॉक्टरांनी मायच्या आजाराचं नाव सांगितलं होतं, आणि हेही सांगितलं होतं की औषधाने फार काही होणार नाही, घर तिला सोपं करून द्या. भावाला त्यातून एवढंच ऐकू आलं की सामान आणा.

आधी आल्या पाट्या. बाथरूमच्या दारावर तळहाताएवढ्या अक्षरात 'प्रसाधनगृह'. माय दुसरी शिकलेली, आणि उभ्या जन्मात ती प्रसाधनगृहात कधी गेली नव्हती. संडासात गेली होती. बरं, अक्षर वाचता आलं म्हणून कोण पाटी वाचतो? बसच्या कपाळावर हातभर अक्षरात 'मोर्शी' लिहिलेलं असतं, आणि त्याच्याच खाली उभं राहून चष्मेवाले मास्तर मला विचारतात, "ही मोर्शीले जाते का वं बाई?" माणूस पाटी वाचत नाही. बस कोणत्या फलाटाला लागते, तिथे ओळखीचं कोण उभं आहे, हे पाहून तो चढतो. हे मी भावाला फोनवर सांगितलं असतं, पण त्याने विचारलं नव्हतं आणि मी फोनवर फक्त उपदेश करायची. 'तिले बदाम दे, तिच्याशी बोलत जा.' फोनवर मी भारी हुशार.

मग आलं घड्याळ. माय कुठे आहे ते भावाच्या मोबाइलवर दाखवणारं. ते विकायला एक माणूस घरी आला होता. ती हकिगत मला भावजयीने सांगितली. टाय लावलेला, हातात मोठा फोन, मायकडे न बघता मायबद्दल बोलणारा. "आजींना सवय होऊन जाईल सर, पहिले दोन दिवस थोडा त्रास देतात." आणि त्याने बोलता बोलता मायचं मनगट धरलं. मायने त्याच्याकडे खालून वर पाहिलं, चाळीस वर्षं बाजारात बसलेल्या नजरेने, आणि म्हणाली, "घ्याचं नसन तर हात नोको लावू."

मला ते वाक्य फ्रेम करून त्याच्या दुकानात लावावंसं वाटलं.

घड्याळ दोन दिवसांत तुरीच्या डाळीच्या डब्यात गेलं. तिसऱ्या दिवशी माय मागच्या दाराने बाहेर पडून गल्लीत उभी होती, आणि भाऊ दुकानात बसून मोबाइल पाहून गिऱ्हाइकाला सांगत होता, "मायची काळजी नाही, घरातच हाय." डाळ घरातच होती.

म्हणून मग कुलूप. मागच्या दाराला आतून कुलूप, किल्ली भावाच्या खिशात. हा त्याचा तिसरा उपाय, आणि त्याच्या मते सगळ्यांत पक्का.

मी गेले त्या संध्याकाळी माय मला पाहून म्हणाली, "बस बाई, कुठून आली?" मी म्हटलं, "अकोल्याहून." ती म्हणाली, "लय दूर." आणि माझ्यासाठी पाणी आणायला उठली. हॉलच्या चकचकीत फरशीवर पाय ठेवताना तिने लुगडं घोट्याच्या वर धरलं, डबक्यातून चालल्यासारखं. भाऊ म्हणाला, "पाय, हे नाटक." मी वाकून तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून फरशी पाहिली. ट्यूबलाइटच्या उजेडात ती खरंच ओली दिसत होती. माझ्याच भावाच्या डोक्यात ती फरशी घालावी, असं मला त्या क्षणी वाटलं. मी आलेला चहा प्यायले.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. बसमध्ये कधी कधी असा म्हातारा निघतो की कुठे उतरायचं तेच आठवत नाही. नवा कंडक्टर त्याला दहादा विचारतो, 'बाबाजी, कुठी उतराचं?' म्हातारा घाबरतो आणि होतं तेही विसरतो. जुना कंडक्टर ते विचारतच नाही. तो विचारतो, 'बसले कुठून?' अचलपूरला बसले, कोणी बसवून दिलं, पिशवीत काय आहे, कोणासाठी आहे. पिशवीत पोराचं झबलं निघतं, मग लेक निघते, मग लेकीचं गाव निघतं. मी ठरवलं, मायला कुठे जायचं ते विचारायचं नाही. ती बसते कुठून ते पाहायचं.

सकाळी सातला भाऊ आंघोळीला गेला. मी त्याच्या पँटच्या खिशातून किल्ली काढली, मागचं कुलूप उघडलं आणि मागच्या ओट्यापाशी भाजी निवडायच्या मिषाने बसले. माय उठली. खाटेवरून डाव्या हाताने भिंत धरत निघाली. बाथरूमच्या दारापाशी थांबली, चपला काढल्या, नमस्कार केला, चपला घातल्या. पुन्हा भिंत. मागच्या दारातून बाहेर. मी चार हात मागे. पाऊल कुठे अडखळलं नाही, मान इकडेतिकडे वळली नाही. सरळ पंधरा पावलं चालली आणि भावाच्या कारसमोर जाऊन थांबली.

मग तिने कारच्या टपावर हात फिरवला, इकडून तिकडे, काही शोधल्यासारखा. काही सापडलं नाही. मग बोटाच्या पेराने काचेवर टकटक केलं.

"कोन हाय वं अंदर? निंघ नं लवकर!"

मी हातातली मेथी घेऊन तशीच उभी.

"अवं निंघ नं बाप्पा! किती टाइम लावतं मानूस!"

कार काही निघाली नाही. मायने दम धरला, या पायावरून त्या पायावर झाली. मी पाहिलं, वरती अजून शेवग्याची एक फांदी होती, बाकीचं झाड भावाने पार्किंगसाठी तोडलं होतं. आणि मग माझ्या मठ्ठ डोक्यात उजेड पडला. संडास इथेच होता. इथेच, या चाकांखाली. आणि घरातलं ते पांढरं दार जुन्या सैपाकघराच्या त्या भिंतीत होतं, जिथे आमच्या देवांची देवळी होती. चाळीस वर्षं मायने रोज त्याच जागेला हात जोडले आणि रोज याच जागेला रांग लावली. तिला रस्ता पाठ होता. नकाशा काढताना तो विसरलो आम्ही. घर बांधलं तेव्हा मीही वास्तुशांतीला पुरणपोळी हाणून गेले होते, देवळीच्या जागी काय आलंय हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

आणि महिनाभर ती रोज हाच रस्ता चालत येऊन कुलपावर आपटत होती. दार हलवायची, उघडायचं नाही, मग बिचारी उलटी फिरायची आणि हॉलपर्यंत पोचेपर्यंत व्हायचं ते व्हायचं. हॉलमधल्या त्या तिन्ही वेळा कुलूप लावल्यानंतरच्या होत्या. तोंडाने 'शी' म्हणून तिला सेंटरला न्यायला निघालेल्यांनीच ते घडवून आणलं होतं.

भाऊ टॉवेल गुंडाळून बाहेर आला. त्याला वाटलं माय पुन्हा पळाली. मी त्याला जे बोलले ते सगळं इथे लिहिता येणार नाही, पण तीन घरं पलीकडच्या बाईने गॅस बंद करून ऐकलं.

"गाडी काढ इथून."

"ताई, तू शांत हो."

"गाडी काढ. इथं संडास बांधाचा हाय."

"येडी झाली का तू? अंदर एवढं चांगलं अटॅच बाथरूम हाय. अन् गाडी काय रस्त्यावर ठेवू? कोणी ओरखडा मारला म्हंजे?"

"गाडीले सावली पायजे, अन् मायले सेंटर!"

"तुले काय जाते बोलाले? तू महिन्यातून एकदा येते, संत्रे घेऊन. मी रोज पायतो. मले घाण नाही वाटत, ताई. मले लाज वाटते. ते माही माय हाय अन् लोकाईसमोर..." टॉवेल सावरत तो कारच्या बॉनेटला टेकला.

त्याला तसं पाहूनही माझा राग कमी झाला नाही. मी मोर्चा भावजयीकडे वळवला. ती ओट्यावर उभी होती, हातात झाडू. "अन् तू? तू दिवसभर घरी असते. तुले एवढं समजलं नाही?"

भावजय कधी आवाज चढवत नाही. तिने झाडू खाली ठेवला.

"मले चार महिन्यांपासून मालूम हाय, ताई. मी याच घरी नवरी म्हणून आली, मीबी त्याच संडासाच्या रांगेत उभी रायली. थे काचेवर टकटक करे, मले समजत नाही का? कुलूप लागेपर्यंत गाडीपासून मीच तिले हात धरून अंदर नेत होती. मी यायले, तुमच्या भावाले, सांगितलं. हे म्हणे, तूबी तिच्यासारखीच झाली. मंग मी तुमाले फोन केला होता."

"मले? कधी?"

"दिवाळीच्या आंधी. तुमी म्हणल्या, बसमध्ये हाय, रात्री करते. अन् केला नाही."

मी तिचा झाडू उचलून भिंतीशी उभा केला. हॉलमधलं ते तीन वेळचं कोणी पुसलं, हेही तेव्हाच माझ्या डोक्यात आलं. भावाने तर नक्कीच नाही.

दुपारी मिस्त्री आला. त्याने पेव्हर काढून खाली पाहिलं आणि म्हणाला, "जुनी लाईन जिवंत हाय खाली." मला आनंदाने त्याची पाठ थोपटावीशी वाटली. पण तोही शहाणा निघाला. त्याला पांढरं प्लास्टिकचं दार लावायचं होतं, "आजकाल टिन कोन लावते मॅडम?" मी म्हटलं, "मी लावते." जुन्या संडासाच्या टिनाच्या दाराला बापाने मोटरपंपाचा उरलेला हिरवा रंग दिला होता, तसलाच गडद हिरवा आणवला. कमोड ठेवला, कारण मायचे गुडघे गेलेत आणि कमोडवर बसायची तिला सवय होती. तिची अडचण बसण्याची नव्हतीच, पोचण्याची होती. फक्त खाली पांढऱ्या टाइलऐवजी काळी शहाबादी घातली, म्हणजे पांढरा कमोड वेगळा दिसावा. कडी आतून लागेल पण बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी. दार बाहेर उघडणारं, आत कोणी पडलं तर अडू नये. खाटेपासून मागच्या दारापर्यंत, तिचा डावा हात जिथे फिरतो त्याच उंचीवर, लोखंडी पाइप. भाऊ रोज सकाळी हे सगळं पाहत दात घासायचा. कार रस्त्यावर, तिच्यावर दोन चादरी.

बाथरूमच्या दाराचं काय करायचं, यावर भावाने तोंड उघडलं. दार भिंतीच्या रंगाचं करून टाकू म्हणाला, म्हणजे तिला दिसणार नाही आणि ती नमस्कार करणार नाही. मी म्हटलं, "करू दे. नमस्काराने कोणाची फरशी खराब होते?" देव आता हॉलमध्ये, दिव्यांच्या माळेत बसतात, तिला ते ओळखू येत नाहीत. ते तसंच राहिलं. सगळ्याच गोष्टी दुरुस्त करायच्या नसतात, एवढं मी बसमध्ये शिकले आहे.

अकराव्या दिवशी काम झालं. सकाळी मी आणि भावजय ओट्यावर बसलो, भाऊ दारात. माय उठली, पाइप धरला, नमस्कार केला, बाहेर आली, हिरव्या दारापाशी गेली. माय थांबली. शेजारी पाण्याचा ड्रम ठेवला होता, त्यावर हात फिरवला. इकडून तिकडे. मग दारावर टकटक केलं.

"कोन हाय वं अंदर?"

आत कोणी नव्हतं. दार नुसतं लोटलेलं. ती उभीच. मी म्हटलं, "माय, जाय नं, खाली हाय." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं रांग मोडणाऱ्या बाईकडे पाहावं. आणखी दोन मिनिटं. या पायावरून त्या पायावर. भाऊ मागून म्हणाला, "झालं? झालं समाधान?" मला त्याच्या तोंडावर कुंचा फेकून मारावासा वाटला, आणि रडूही येत होतं. दोन दिवसांनी एक तारीख.

भावजय उठली. घरात गेली आणि एक टमरेल घेऊन आली. लाल, प्लास्टिकचं, कडा तुटलेलं. मिस्त्रीच्या सामानाबरोबर आम्ही नवाकोरा मग आणून आत नळाला साखळीने अडकवला होता. भावजयीने लाल टमरेल ड्रमच्या झाकणावर उपडं ठेवलं आणि बाजूला झाली.

मायने टमरेल पाहिलं, उचललं, आत गेली, कडी लावली.

तीन घरांची ती रीत होती. टमरेल ड्रमवर उपडं असलं की संडास मोकळा. नसलं, तर कोणीतरी ते घेऊन आत गेलंय, थांबा. म्हणून ती कारच्या टपावर हात फिरवायची. मी त्या घरात वीस वर्षं वाढले, लग्न होऊन अकोल्याला गेले आणि विसरले. मायला आठवत होतं, आणि परक्या घरून आलेल्या माझ्या भावजयीला आठवत होतं. स्मृती गेली म्हणून डॉक्टरांनी कागद कोणाच्या नावाचा लिहिला होता, असं मी भावाला मोठ्याने विचारलं.

पुढचे दोन दिवस टमरेल ड्रमवर आणि माय वेळेवर. एकदा चुकलं, पण ते सर्वांचंच चुकतं. डॉक्टर म्हणाले, हे किती दिवस चालेल सांगता येत नाही, पुढे हा रस्ताही पुसला जाईल. जाईल तेव्हा पाहू. माझी रजा संपत आली होती आणि राग तसाच होता. तो कोणावर ठेवायचा हे मात्र दर तासाला बदलत होतं.

एक तारखेला सकाळी भावाने सेंटरला फोन लावला. मी समोर बसून होते, स्पीकर सुरू करायला लावला. तिकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "सर, बेड तुमच्यासाठी रेडी आहे. आजींना किती वाजता आणता?"

"आमची माय येत नाही," भाऊ म्हणाला.

"काही कारण, सर? फॉर्मवर लिहावं लागतं."

भावाने माझ्याकडे पाहिलं, मग भावजयीकडे. "लिहा," तो म्हणाला, "घरात जागा झाली."

त्याने फोन ठेवला आणि मी उसळले. "जागा झाली म्हंते! जागा पयलेपासून होती. तू तिच्यावर चार वर्षं गाडी उभी केली होती."

भावजयीने मला हाताने गप्प केलं. भाऊ उठला. बाहेर रस्त्यावर दुधाची गाडी कर्कश भोंगा वाजवत होती, त्याची कार तिच्या वाटेत होती. चादरी काढून, किल्ली घेऊन तो गेला, आणि गल्लीच्या तोंडाशी, उन्हात, दुसरी जागा शोधत राहिला.